अंधार मोजणारं झाड

मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या बॅगेत ‘हायड्रोपोनिक गांजा’ सापडला, ही बातमी हल्ली इतक्या वेळा छापून येते की आपण ती धड वाचतही नाही. नजर पुढे सरकते आणि सोन्याच्या भावावर जाऊन थांबते. पण जरा विचार केला तर ही बातमी चक्रावून टाकणारी आहे. हिमाचल-उत्तराखंडात हे झाड रस्त्याकडेला, गोठ्यामागे, उकिरड्यावर, कुणी न लावता माजतं. आणि त्याचंच भावंड बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात, मातीचा कणही न दाखवता वाढवायचं, विमानात घालायचं आणि भारतात आणायचं! ही उलटी गंगा का वाहते? पैसा हे एक उत्तर झालंच. पण मला त्या तस्कराच्या बॅगेपेक्षा त्या खोलीचं कुतूहल जास्त आहे. हिमालयाला जे जमत नाही असं काय जमतं त्या चार भिंतींना?

कॅनडात आणि जर्मनीत अशी खोली कायद्यानं घरात असू शकते. कॅनडात तर डॉक्टरच्या कागदावर रुग्णाला स्वतःच्या औषधापुरती झाडं तळघरात वाढवता येतात. तिथल्या एखाद्या तळघरात डोकावलं तर दिसतो तो एक काळ्या कापडाचा, कपाटाएवढा तंबू. आतून चंदेरी अस्तर, पुढे चेन. वर दिवा, कोपऱ्यात पंखा, छताला हवा बाहेर ओढणारी नळी. चेन उघडली की डोळे दिपतात. चेन लावली की तळघर पुन्हा काळोखात. गंमत अशी की तंबू विकत घेताना जाणकार माणूस दिव्याइतकीच चौकशी चेनच्या शिवणीची करतो: आतला उजेड बाहेर सांडतो का म्हणून नव्हे, बाहेरचा आत शिरतो का म्हणून. तंबूत उभं राहून, दिवा मालवून, सुईएवढं भोक कुठे चमकतंय का ते बघायचं आणि सापडलं तर काळी चिकटपट्टी लावायची. झाड वाढवायला दिवा लागतो हे कुणालाही कळेल. पण अंधाराची एवढी राखण कशासाठी?

ह्याचं उत्तर शोधण्याची सुरुवात, योगायोगानं, ह्याच झाडापासून झाली. 1912 च्या सुमारास ज्युलियँ तूर्नवा नावाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ हॉप आणि भांग ह्या दोन वनस्पतींवर काम करत होता. बिअरला कडवटपणा देणारा हॉप आणि गांजा देणारी भांग एकाच कुळातल्या. सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी. तूर्नवाच्या लक्षात आलं की दिवसाचा उजेड काही तासांवर आणला की ही रोपं पुरती वाढायच्या आधीच, अगदी पोरवयात, फुलायला लागतात. खत, पाणी, ऊब ह्यांपैकी कशानं हे होत नव्हतं. 1914 च्या लेखात त्यानं निष्कर्ष मांडला की दिवस आखूड झाल्यामुळे नव्हे, रात्र लांबल्यामुळे हे घडत असावं. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि तूर्नवा त्यात मारला गेला. त्याचं म्हणणं बरोबर होतं हे सिद्ध व्हायला पुढची चोवीस वर्षं लागली.

दरम्यान अमेरिकेच्या शेतीखात्यात गार्नर आणि अलार्ड हे दोघे तंबाखूच्या एका अडेल जातीशी झगडत होते. ‘मेरिलँड मॅमथ’ ही जात उन्हाळाभर ताडासारखी वाढायची, फुलायचं नाव नाही. हिवाळ्यात काचगृहात मात्र मुकाट्यानं फुलायची. त्यांनी भर उन्हाळ्यात रोपं रोज काही तास अंधाऱ्या पेटीवजा खोलीत कोंडून बघितली, आणि झाडं हिवाळा आल्यासारखी फुलली. 1920 साली त्यांनी हे छापलं. झाडं ऋतू ओळखतात ती थंडी-उन्हावरून नव्हे, दिनमानावरून, हे तेव्हा जगाला पटलं. थंडी फसवी असते, ऑक्टोबरातही उकडतं. पण अमुक तारखेला, अमुक अक्षांशावर दिवस किती तासांचा असणार ह्यात कधी फरक पडत नाही. झाडांनी आपलं पंचांग ह्या सगळ्यात भरवशाच्या गोष्टीवर बांधलं.

1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर ह्या शास्त्रज्ञांनी तूर्नवाचं उरलेलं काम पुरं केलं. त्यांनी घेतलं शंकेश्वर, आपल्याकडेही बांधावर माजणारं आणि काटेरी फळं कपड्यांना चिकटवणारं तण. दिवसा मध्येच थोडा वेळ अंधार केला, तर झाडाला त्याचं काहीच नाही. पण लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला, तर झाड फुलायचं थांबलं. म्हणजे मोजणी दिवसाची नव्हतीच. झाड मोजत होतं अखंड अंधार. रात्र मध्ये तुटली की त्याच्या हिशेबी ती एक लांब रात्र न राहता दोन आखूड रात्री होतात, आणि दोन आखूड रात्री म्हणजे उन्हाळा.

आता तळघरातल्या त्या चिकटपट्टीचा उलगडा होतो. गांजाचं झाड रोज अठरा तास उजेड आणि सहा तास अंधार मिळाला तर आषाढ चालू आहे असं समजून पानं-फांद्या काढत राहतं. बारा तास उजेड आणि बारा तास अंधार केला की त्याच्या लेखी पावसाळा सरला, हिवाळा दाराशी आला. आता बी धरण्याची घाई. आठ-दहा आठवड्यांत ते फुलांनी लगडतं. ह्या खोलीतला माणूस वीज विकत घेतो दिव्यासाठी, पण पीक काढतो रात्रीच्या जोरावर. एखाद्या मध्यरात्री कुणी काही शोधायला म्हणून चेन उघडली आणि आत बॅटरी मारली, असं चार-सहा रात्री झालं, तर झाड गोंधळतं. काही वेळा मादी झाडावर नर फुलं येतात आणि सगळं मुसळ केरात जातं.

हे सगळं पानाला कळतं कसं? पानाच्या पेशींत फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत बोर्थविक आणि हेंड्रिक्स ह्यांच्या चमूनं त्याचा माग काढला आणि 1959 मध्ये ते प्रत्यक्ष हाती लागलं. त्याची दोन रूपं असतात. 660 नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा उजेड पडला की ते जागं होतं. 730 च्या आसपासच्या, आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गडद तांबड्यात किंवा लांब अंधारात ते परत निजतं. त्याच्या जोडीला पेशीत एक अंतर्गत घड्याळ चालू असतं, चोवीस तासांच्या आसपास फिरणारं. घड्याळ ठराविक प्रहरी एकच प्रश्न विचारतं: आत्ता उजेड आहे का? ‘नाही’ असं उत्तर काही रात्री सलग आलं, की पानात एक प्रथिन तयार होतं आणि रसवाहिन्यांतून शेंड्याकडे निघतं. हा फुलण्याचा निरोप. निरोप पानात तयार होतो आणि शेंड्याला पोचतो हे मिखाईल चैलाख्यान ह्या आर्मेनियन शास्त्रज्ञानं 1930 च्या दशकातच ओळखलं होतं. निरोप्या नेमका कोण, हे कळायला 2007 साल उजाडलं.

मला ह्यात सगळ्यात थक्क करणारी वाटते ती प्रमाणाची गोष्ट. भर दुपारच्या उन्हात एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला साधारण 2000 मायक्रोमोल प्रकाशकण पडतात. तंबूतला चांगला दिवा 800 च्या घरात देतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाचावर वीस शून्यं एवढे कण. आणि आपला बैठकीच्या खोलीतला, रात्री पेपर वाचायला पुरेसा ट्यूबलाइट? चार-पाच मायक्रोमोल. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या त्या उजेडात हे झाड उपाशी मरेल. पण तोच चार-पाच मायक्रोमोलांचा उजेड मध्यरात्री त्याची रात्र मोडायला पुरतो. ज्या उजेडात झाडाला जेवता येत नाही, त्या उजेडात त्याला किती वाजले ते मात्र स्वच्छ दिसतं. अन्न बनवणारं हरितद्रव्य आणि वेळ सांगणारं फायटोक्रोम ही एकाच पानात राहणारी दोन निराळी बिऱ्हाडं आहेत.

उजेड-अंधाराच्या ह्याच फसवणुकीतून आणखी एक विलक्षण प्रकार निघतो. गांजाचं झाड मुळात हंगामी. एक पाऊसपाणी बघायचं, बी टाकायचं आणि मरायचं. पण तंबूतल्या एखाद्या चांगल्या मादी झाडाला कायम अठरा तासांच्या उजेडात ठेवलं तर त्याचा आषाढ कधी संपतच नाही. ते फुलत नाही, म्हणून मरतही नाही. वर्षानुवर्षं जगतं. त्याला म्हणतात ‘मदर प्लांट’. त्याच्या फांद्या छाटून कलमं लावायची, आणि प्रत्येक कलम म्हणजे जनुकांनी हुबेहूब तेच झाड. हंगामी झाडाला चिरंजीव करणारा हा वर केवळ एका टायमरच्या बटणावर मिळतो.

रात्र मोजून फुलण्याच्या ह्या नियमाला एक अपवाद आहे, आणि त्याचं कारण भूगोलात सापडतं. 1924 मध्ये यानिशेव्स्की ह्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं व्होल्गाकाठी रानात वाढणाऱ्या ठेंगण्या भांगेचं वर्णन केलं. त्या बाजूला उन्हाळा जेमतेम. रात्री लांबायची वाट बघत बसलं तर बी धरण्याआधी बर्फ पडायचं. त्या झाडानं पंचांग बघणंच सोडून दिलं. वय भरलं की ते फुलतं, रात्र कितीही असो. उलट विषुववृत्ताजवळ दिवस-रात्र बारमाही सारखेच, म्हणून थायलंडकडच्या मूळ जाती निवांत, महिनोन्‌महिने फुलत राहतात. एकाच वनस्पतीत पृथ्वीवरच्या निरनिराळ्या अक्षांशांची घड्याळं बसवलेली आहेत.

आता त्या फुलाकडे वळू, कारण औषध म्हणतात ते सगळं तिथेच. गांजात नर झाड वेगळं, मादी वेगळं. मादीच्या फुलाला पाकळ्या नाहीत, रंग नाही, मध नाही. परागीभवन वाऱ्यावर, तेव्हा नटायचं कुणासाठी? हिरव्या टोपणातून दोन पांढरे केसाळ धागे बाहेर येतात आणि हवेतला पराग पकडायला ताटकळत राहतात. पराग मिळाला की धागे सुकतात, झाडाची शक्ती बियांकडे वळते. पराग मिळालाच नाही तर? झाड आणखी फुलं काढतं, मग आणखी, आणि प्रत्येकावर राळ साचवत जातं. बिनबियांचा, राळेनं चिकट झालेला शेंडा हा त्या निष्फळ प्रतीक्षेचा परिणाम.

ही युक्ती आधुनिक खोल्यांची नव्हे. आजच्या बांगलादेशातल्या नौगाँव भागात एकोणिसाव्या शतकात सरकारी परवान्यानं गांजाची शेती होत असे. तिथे ‘पोद्दार’ नावाचा माणूस मजुरी घेऊन शेतात फिरायचा आणि फुलं उमलायच्या आधीच, नुसत्या बांध्यावरून, नर झाडं हुडकून उपटायचा. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला ‘गांजा डॉक्टर’ म्हटलं आहे. आज प्रयोगशाळेत पानाचा तुकडा पाठवून वाय गुणसूत्र तपासून घेतात. पोद्दार तेच काम डोळ्यांनी करत होता.

त्या राळेनं चिकट झालेल्या शेंड्यावर साठपट मोठं दाखवणारं भिंग धरलं की दृश्य पालटतं. पानांच्या कडांवर, फुलांच्या टोपणांवर काचेच्या टाचण्या दाटीनं रोवाव्यात तसे देठ उभे दिसतात, प्रत्येकाच्या टोकाला एक चकाकणारं गोल डोकं. ह्यांना ट्रायकोम म्हणतात. डोक्याची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहून कमी. आत बारा ते सोळा स्रावक पेशींची चकती, आणि तिच्या वर, मेणचट पापुद्र्याखाली, राळेची पिशवी. जाणकार रोज भिंग लावून ह्या डोक्यांचा रंग बघतात. आधी नितळ, मग दुधाळ, मग मधासारखी पिवळट. बहुतेक दुधाळ झाली की कापणीची वेळ आली. उशीर केला तर द्रव्यं विघटित व्हायला लागतात.

त्या पिशवीत काय शिजतं? पेशी दोन साधे रेणू जोडून कॅनाबिजेरॉलिक आम्ल बनवतात, सगळ्या पुढच्या द्रव्यांचा मूळपुरुष. मग एक विकर त्याला वळवून टीएचसीए करतं. दुसरं, त्याचं जवळचं नातलग, सीबीडीए करतं. कुठल्या झाडात कुठलं विकर जोरात, ह्यावर ते झाड नशेचं की नाही हे ठरतं. पण हे काम पेशीच्या आत होत नाही. विकर बाहेर, त्या पिशवीत सोडलं जातं. जपानी शास्त्रज्ञांनी 2004-05 मध्ये ह्याचं कारण दाखवलं: टीएचसीए खुद्द गांजाच्या पेशींनाही मारतं, शिवाय ते बनताना हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडतं, तेही जहालच. झाड स्वतःला न झेपणारं विष घराबाहेरच्या कोठीत तयार करून तिथेच साठवतं. किड्यांना दूर ठेवायला ह्याहून बरा बंदोबस्त कोणता?

आणि लक्षात घ्या, झाडात असतं ते टीएचसीए, टीएचसी नव्हे. कच्च्या फुलात नशा जवळपास नसते. उष्णता लागली की त्या रेणूतून कार्बन डायऑक्साइडचा एक कण उडून जातो आणि उरतं टीएचसी. चिलमीचा निखारा हीच रासायनिक क्रिया करत आला आहे.

टीएचसीचा रेणू शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रचना ठरवली ती इस्रायलच्या राफाएल मेशुलाम आणि येखिएल गाओनी ह्यांनी, 1964 मध्ये. त्यासाठी लागणारं पाच किलो हशीश मेशुलामनी पोलिसांकडून मिळवलं आणि चक्क बसमधून प्रयोगशाळेत नेलं. सहप्रवासी ‘वास कसला येतोय’ म्हणून कुजबुजत होते, असं ते पुढे हसत सांगत. हा रेणू मेंदूवर बसतो कुठे ते 1988 मध्ये कळलं. पण मेंदूत कुलूप आहे म्हणजे शरीराची स्वतःचीही किल्ली असणारच. ती 1992 मध्ये मेशुलामच्याच प्रयोगशाळेत सापडली. संस्कृत ‘आनंद’ वरून तिचं नाव ठेवलं आनंदामाइड. वेदना, भूक, मळमळ, स्मरण ह्यांवर लगाम ठेवणारी एक अख्खी यंत्रणा आपल्या शरीरात आहे, आणि तिचा पत्ता आपल्याला एका झुडपाच्या विषामुळे लागला.

औषध म्हणून ह्या झाडाची पाश्चात्त्य वैद्यकाला ओळख करून दिली ती कलकत्त्यानं. तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या विल्यम ओशॉनेसी ह्या आयरिश डॉक्टरनं इथल्या वैद्य-हकिमांना विचारून, आधी प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर प्रयोग करून, 1839 मध्ये निबंध वाचला. धनुर्वाताचे झटके आणि तान्ह्या मुलांच्या आकड्या ह्यांत त्याला गुण दिसला. (हाच गृहस्थ पुढे हिंदुस्थानात तारायंत्र आणणारा. एका आयुष्यात माणसं काय काय करत!) आणि 2018 मध्ये अमेरिकेनं मान्यता दिलेलं, ह्या झाडापासून काढलेलं पहिलं औषध, एपिडायोलेक्स, हे लहान मुलांना होणाऱ्या असाध्य अपस्मारावरचं, सीबीडी ह्या नशा न आणणाऱ्या द्रव्याचं आहे. आकड्यांपासून आकड्यांपर्यंत यायला एकशे एकोणऐंशी वर्षं लागली.

घरच्या खोलीत हे झाड शिरलं ते मात्र विज्ञानाच्या आग्रहानं नव्हे. 1983 पासून कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर पोलिसांची हेलिकॉप्टरं घिरट्या घालू लागली, तसे पिकवणारे घरात, तळघरात, गॅरेजमध्ये सरकले. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्याच जातीचे दिवे छताला टांगले गेले. त्यांची जागा आता एलईडीनं घेतली. मध्यंतरी सगळे एलईडी तंबू जांभळे दिसत, कारण पान हिरवा उजेड परतवतं तर तो द्यायचा कशाला, असा हिशेब होता. प्रत्यक्षात पान हिरव्यातला बहुतेक भाग शोषतंच, हे मॅक्री ह्या शास्त्रज्ञानं 1972 मध्येच मोजून ठेवलं होतं. आता पुन्हा पांढरे दिवे आलेत. पंखा तर केवळ दमटपणा घालवण्यासाठी नसतो. वाऱ्यानं हलल्याखेरीज खोड जाड होत नाही. वारा न लागलेलं झाड फुलांच्या ओझ्यानं मान टाकतं.

कायदा बदलला तो मात्र रुग्णांनी. वॉशिंग्टनमधल्या रॉबर्ट रँडल ह्या तरुणाला काचबिंदू होता. डोळे जाणार असं डॉक्टरांनी सांगितलेलं. गांजानं डोळ्यातला दाब उतरतो हे त्याला अनुभवानं कळलं. घराच्या गच्चीवर झाडं लावली म्हणून 1975 मध्ये त्याला अटक झाली. त्यानं गुन्हा नाकारला नाही. नाइलाज होता, असं सांगितलं आणि डॉक्टरी चाचण्या पुढे ठेवल्या. 1976 मध्ये कोर्टानं ते मानलं, आणि नंतर अमेरिकन सरकारच मिसिसिपीतल्या आपल्या शेतातला गांजा त्याला विड्या वळून देऊ लागलं! कॅनडात टोरंटोच्या टेरन्स पार्करनं अपस्मारासाठी घरी झाडं लावली, आणि 2000 मध्ये ऑन्टारिओच्या कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. पुढच्याच वर्षी सरकारला रुग्णांसाठी नियम करावे लागले. 2014 मध्ये सरकारनं घरची लागवड बंद करून रुग्णांना कंपन्यांच्या दारात उभं केलं, तेव्हा नील अलार्ड आणि इतर रुग्ण कोर्टात गेले आणि 2016 मध्ये जिंकले. (तंबाखूवाले अलार्ड आणि हे अलार्ड ह्यांचा संबंध निव्वळ आडनावाचा.) 2018 पासून कॅनडात साध्या नागरिकालाही घरामागे चार झाडांची मुभा आहे, क्वेबेकसारखा अपवाद सोडून. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसामागे तीन.

हे सगळं कौतुक मान्य करूनही मी म्हणेन की घरच्या झाडाला औषध म्हणणं अर्धंच खरं आहे. औषध म्हणजे मात्रा, आणि ह्या झाडाच्या एकाच फांदीवर वरच्या फुलात द्रव्य जास्त, खालच्या सावलीतल्या फुलात कमी. एपिडायोलेक्सच्या बाटलीतल्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये शंभर मिलिग्रॅम असतं म्हणजे असतंच. तळघरातल्या बरणीबद्दल असं कोण सांगणार? दुसरी भीती बुरशीची. दाट शेंड्यात दमटपणा कोंडला की करडी बुरशी आतून सडवत येते आणि बाहेरून फूल ठणठणीत दिसतं. केमोथेरपीनं प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात गांजावरच्या अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू गेले तर ते जिवावर बेततं. रँडलच्या काचबिंदूचंही तेच. दाब उतरतो, पण तीन-चार तासच. डोळ्यांचे डॉक्टर म्हणूनच आज तो उपाय सुचवत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीनं 2017 मध्ये सगळे अभ्यास चाळले तेव्हा भक्कम पुरावा मिळाला तो मोजक्याच ठिकाणी: प्रौढांचं जुनाट दुखणं, केमोनंतरची उलटी-मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी यादी बरीच लांब असते. आणि कोवळ्या वयात ह्याची सवय मेंदूला महागात पडू शकते हेही त्याच पुराव्यात आहे.

विजेचं बिल वेगळंच. बंदिस्त जागेत एक किलो वाळलेलं फूल काढायला, जागेप्रमाणे, 2283 ते 5184 किलो कार्बन डायऑक्साइडएवढं प्रदूषण होतं, असं कोलोरॅडोच्या संशोधकांनी 2021 मध्ये अमेरिकेपुरतं मांडलं. सूर्य फुकट असताना सूर्याची नक्कल करण्याची ही किंमत. आणि वास! तो लपवायला नळीच्या टोकाला कोळशाचा गाळप डबा बसवावा लागतो. वर्षानुवर्षं तो वास तर्पीन नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या माथी मारला जात होता, जी लिंबाच्या सालीत आणि काळ्या मिऱ्यातही असतात. 2021 मध्ये कळलं की खरा उग्रपणा गंधकाच्या काही संयुगांचा आहे, तीही इतकी किंचित की एरवी दखलही घेतली जाऊ नये.

आपल्याकडे काय? 1893-94 मध्ये इंग्रज सरकारनं नेमलेल्या आयोगानं देशभर साक्षी काढल्या तेव्हा गांजाच्या परवानाधारक शेतीत नौगाँव, खांडवा ह्यांच्याबरोबर आपल्या अहमदनगरचीही नोंद झाली. माफक सेवनानं विशेष अपाय होत नाही, बंदी नको, नियंत्रण ठेवा, असा त्या आयोगाचा कौल होता. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं चित्र बदललं. फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, दोन्ही गुन्हा. नुसतं पान आणि बी त्या व्याख्येबाहेर, म्हणून भांगेची दुकानं काही राज्यांत उघडी. उत्तराखंडनं 2018 मध्ये धाग्यासाठी, 0.3 टक्क्यांहून कमी टीएचसीच्या भांगेला परवाने दिले. पण घरात, कुंडीत, तंबूत, दुखण्यासाठी असो वा हौसेसाठी, लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. डॉक्टरची चिठ्ठी इथे कामाची नाही. उसाच्या फडात, तुरीच्या रांगांत लपवलेली झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तूरही रात्र लांबली की फुलणारी, म्हणजे शेजारी-शेजारी उभी ती दोन्ही झाडं एकच पंचांग वाचत असतात.

तेव्हा रात्र मोजणारं झाड स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर शेवंती लावा. तीही ह्याच जातकुळीची. पॉलिहाऊसवाले शेतकरी रात्री दिवे लावून तिचं फुलणं लांबवतात आणि काळं कापड ओढून ते अलीकडे आणतात. गणपतीच्या सुमारास एकाच जातीच्या, कळ्या न धरलेल्या दोन कुंड्या आणा. एक गच्चीच्या खऱ्या अंधारात ठेवा, दुसरीवर रोज रात्री दहा ते दोन साधा बल्ब जळू द्या. दिवाळीनंतर दोन्ही शेजारी मांडा आणि घरातल्या पोरांना विचारा, फरक कशानं पडला. ह्या लागवडीला कुठलाही परवाना लागत नाही.